वाकताना शर्ट वर गेला आणि पिस्तूल दिसले: हा गुन्हा ठरतो का?

डॅलसकर (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी आमच्या भागातल्या एका भारतीय किराणा दुकानात घडलेला प्रसंग सांगतो. सर्वांत खालच्या फळीवरून वीस पौंडांची तांदळाची पिशवी उचलायला मी वाकलो, शर्ट वर सरकला आणि कमरेच्या आत होल्स्टरमध्ये असलेल्या पिस्तुलाची मूठ उघडी पडली. शेजारी पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी ती पाहिली, मुलाचा हात घट्ट धरला आणि भरलेली ढकलगाडी तिथेच सोडून त्या थेट गल्ल्याकडे गेल्या. मी शर्ट खाली ओढला तोपर्यंत मॅनेजर आले होते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितले आणि मी एक शब्दही न बोलता निघालो. पोलीस आले नाहीत.

माझ्याकडे टेक्सासचा शस्त्र परवाना आहे आणि मी ग्रीन कार्डधारक आहे. माझ्या मते यात कोणताही गुन्हा घडलेला नाही. या राज्यात 2013 साली कायद्याची भाषा बदलली. त्याआधी परवानाधारकाने पिस्तूल झाकण्यात जाणूनबुजून कसूर करणे हा गुन्हा होता, त्यानंतर ते सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याच्या नजरेसमोर जाणूनबुजून प्रदर्शित करणे हा गुन्हा ठरला. 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकाला होल्स्टरमधले पिस्तूल उघडपणे बाळगण्याचीही मुभा मिळाली आणि 1 सप्टेंबर 2021 पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या 21 वर्षांवरील व्यक्तीला परवान्याचीही गरज उरली नाही. जे मी उघडपणे बाळगू शकतो ते दोन सेकंद चुकून दिसले, तर त्यात दोष कसा? कायद्याने हेतूच पाहिला पाहिजे, अन्यथा वाऱ्याने उडालेल्या कोटासाठीही माणूस कोर्टात उभा राहील.

शिकागोची आई

आपला मुद्दा कायद्याच्या पुस्तकात बरोबर असेल, पण त्या बाईंच्या जागी मी असते तर मीही ढकलगाडी सोडून निघाले असते. आपला हेतू आपल्याला ठाऊक आहे, समोरच्याला दिसते ती फक्त मूठ आणि तिच्याजवळ असलेला हात. हा माणूस तांदूळ उचलतो आहे की पिस्तूल काढतो आहे, हे ठरवायला तिच्याकडे तेवढेच दोन सेकंद असतात आणि तिच्याबरोबर मूल असते. त्यामुळे झाकून ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे बाळगणाऱ्याची असावी आणि ती पार पाडली नाही तर, हेतू असो वा नसो, काही ना काही दंड असावा, असे माझे ठाम मत आहे. गाडी चालवताना सिग्नल चुकून तोडला तरी आपण दंड भरतोच.

आमच्या इलिनॉयमध्ये 2013 च्या कायद्याने झाकलेल्या पिस्तुलाची व्याख्या ‘पूर्णपणे किंवा बहुतांशी झाकलेले’ अशी केली आहे. ‘बहुतांशी’ या शब्दात आपल्यासारख्यांना पुरेशी सवलत आहे. त्याहून अधिक सूट कशासाठी हवी?

डॅलसकर

सिग्नल तोडल्याचा दंड आणि शस्त्राच्या गुन्ह्याची नोंद यांची तुलना होऊ शकत नाही. पहिली पावती भरून विसरता येते, दुसरी नोकरीच्या प्रत्येक चौकशीत पुढे येते. त्या बाईंना भीती वाटली याचे मला मनापासून वाईट वाटते आणि त्या पुन्हा भेटल्या तर मी त्यांची माफी मागेन. परंतु कुणाला भीती वाटली एवढ्यावरून गुन्हा ठरू नये. टेक्सासच्या शांतताभंगाच्या कलमातही शस्त्र दाखवण्याची रीत घबराट पसरवण्यासाठी योजलेली असावी लागते.

ह्यूस्टनचा फौजदारी वकील

दोघांचीही एक गोष्ट निसटते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रस्त्यावर, उद्यानात किंवा पार्किंगमध्ये हे घडले असते तर धागाकर्त्यांचे म्हणणे निर्विवाद होते. दुकान मात्र खासगी मालमत्ता आहे आणि तिथे टेक्सासच्या दंडसंहितेची 30.06 व 30.07 ही कलमे लागू होतात. पहिल्याने मालक परवानाधारकाला झाकलेले पिस्तूल घेऊन येण्यास मनाई करू शकतो, दुसऱ्याने उघडे पिस्तूल घेऊन येण्यास. त्यासाठी ठरावीक मजकुराची पाटी, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, सहज दिसेल अशी, आणि 30.07 ची तर प्रत्येक प्रवेशद्वारावर, लावावी लागते. पाटी असूनही आत गेल्यास कमाल 200 डॉलर दंड आहे. तोंडी सांगूनही बाहेर न गेल्यास तो ‘अ’ वर्गाचा गुन्हा होतो आणि त्यात एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. धागाकर्ते ताबडतोब बाहेर पडले, ही त्या दिवसातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

आता हेतूविषयी. 30.07 मध्ये ‘जाणूनबुजून’ हा शब्द नाही. अशा वेळी संहितेचे कलम 6.02 लागू होते. त्यानुसार कलमात मनोभूमिकेचा उल्लेख नसला तरी ती सिद्ध करावीच लागते, मात्र त्यासाठी हेतू किंवा जाणीव नव्हे, तर बेपर्वाईसुद्धा पुरेशी असते. बेपर्वाई म्हणजे धोका माहीत असूनही त्याकडे दुर्लक्ष करणे. लांब, सैल शर्ट घातलेल्या माणसाचे पिस्तूल एकदा दिसले तर तो अपघात आहे. आखूड टी-शर्टमध्ये रोज हिंडणाऱ्याचे तिसऱ्यांदा दिसले, तर त्याला अपघात म्हणताना माझीही जीभ अडखळेल. ‘चुकून’ हा शब्द त्याच्या सवयी तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही. म्हणून दोन प्रश्न विचारतो: शर्ट कसा होता आणि दारावर पाटी होती का?

टँपाचा सभासद

फ्लोरिडाचा अनुभव इथे उपयोगी पडेल. आमच्याकडे उघडपणे बाळगण्यास मनाई होती, तेव्हा 2011 साली कायद्यात स्पष्ट सूट घालण्यात आली: परवानाधारकाचे पिस्तूल थोडा वेळ दुसऱ्याच्या नजरेस पडले तर तो गुन्हा नाही, मात्र ते रागाने किंवा धमकावण्यासाठी दाखवलेले नसावे. पुढच्याच वर्षी फोर्ट पिअर्समध्ये एक परवानाधारक उघड्या होल्स्टरसह रस्त्याने चालताना पकडला गेला. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 साली त्याची शिक्षा कायम झाली. ‘थोडा वेळ’ची सूट चुकीसाठी होती, फेरफटक्यासाठी नव्हे. 10 सप्टेंबर 2025 रोजी तिथल्या पहिल्या जिल्हा अपील न्यायालयाने ही मनाईच घटनाबाह्य ठरवली, त्यामुळे आज चित्र वेगळे आहे. तरीही चुकीला कायद्यात लेखी जागा द्यावी, हा 2011 चा विचार मला योग्य वाटतो. शिकागोच्या ताईंशी मी असहमत आहे.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी एक सूचना (ह्यूस्टनचा फौजदारी वकील)

धागाकर्त्यांनी ग्रीन कार्डचा उल्लेख केला म्हणून हे वेगळे लिहितो, कारण आपल्या लोकांना याची किंमत कळलेली नसते. देशांतराच्या कायद्यानुसार, बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या बिगरनागरिकाला देशाबाहेर काढता येते, मग तो इथे वीस वर्षे राहत असो. म्हणून 200 डॉलरच्या पावतीवरही देशांतराच्या वकिलाला विचारल्याशिवाय ‘दोष मान्य’ लिहू नका. आणि एच-1बी, एच-4 किंवा एफ-1 व्हिसावर असलेल्यांनी तर हा धागा आपल्यासाठी नाही असे समजावे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणेच संघराज्याचा गुन्हा आहे आणि 2022 पासून त्याची कमाल शिक्षा 15 वर्षे आहे. मित्राने गोळीबाराच्या सरावाला नेले आणि हातात पिस्तूल दिले, हेही त्यात येऊ शकते.

निवृत्त फौजदार, पुणे

आपल्याकडच्या 2016 च्या शस्त्र नियमांत, नियम 32 नुसार, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. चुकून दिसल्यास काय, याची स्वतंत्र तरतूद त्या नियमात नाही. नियमभंगाला शस्त्र कायद्याच्या कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण परवानाधारक घाबरतो तो परवाना रद्द होण्याला. माझ्या नोकरीत लग्नाच्या मांडवात कोट बाजूला सारून कंबर दाखवणारे पुष्कळ पाहिले आणि प्रत्येकाचे उत्तर ‘साहेब, चुकून दिसले’ हेच असायचे. त्यामुळे मी शिकागोच्या ताईंच्या बाजूने आहे.

शिकागोची आई

फौजदारसाहेबांनी माझी अडचण नेमकी सांगितली. मात्र वकीलसाहेबांनी सांगितलेल्या बेपर्वाईच्या कसोटीवर मी थोडी मागे येते. सवय तपासली जाणार असेल, तर सरसकट दंडाचा आग्रह मी धरणार नाही. देशाबाहेर काढण्याइतकी ती चूक नक्कीच नाही.

डॅलसकर

वकीलसाहेबांच्या प्रश्नांची उत्तरे. शर्ट आखूड होता. अंगावर घालून आरशासमोर दोनदा वाकून पाहिले तेव्हा मूठ दोन्ही वेळा दिसली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पाटीसाठी काल पुन्हा दुकानात गेलो, या वेळी पिस्तूल गाडीतल्या कुलूपबंद पेटीत ठेवून. 30.07 ची पाटी दारावर आहे, 30.06 ची नाही, म्हणजे झाकलेले चालते आणि उघडे चालत नाही. पाटीचा खालचा अर्धा भाग गणेशोत्सवाच्या ढोलपथकाच्या पोस्टरखाली गेला होता आणि स्पॅनिश मजकूर दिसतच नव्हता. वकीलसाहेब म्हणतील की कोर्टात हे माझ्या उपयोगी पडेल. मी मालकांना पोस्टर दाखवले, त्यांनी माझ्यासमोरच ते काढून शेजारच्या काचेवर चिकटवले. त्या बाईंसाठी मॅनेजरकडे एक चिठ्ठी ठेवून आलो आहे.