एमआयडीसीतल्या आगीला जाणाऱ्या पहिल्या गाडीत गॅस डिटेक्टर हवाच, की आधी बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क)?

खाडीपलीकडचा:
डोंबिवलीत २६ मे २०१६ ला प्रोबेस या केमिकल कंपनीत स्फोट झाला, मग २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत. अशा वेळी शेजारच्या सोसायटीतल्या माणसाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात, हा धूर कसला आहे आणि खिडक्या लावून घरात बसू की पोरांना घेऊन निघू. याचं उत्तर द्यायचं तर हवा पहिल्या तासात मोजायला लागते, दुसऱ्या दिवशी हवा मोजणारी व्हॅन येऊन उपयोग नाही. आणि मोबाईलवरचा एक्यूआय बघून तर अजिबात ठरवू नका, त्यात धुलीकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, अमोनिया असं ठराविकच मोजतात, बेंझिन नाही, स्टायरिन नाही, क्लोरीन नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या फायर स्टेशनच्या हद्दीत केमिकल झोन आहे तिथल्या पहिल्या गाडीत एक फोर-गॅस मीटर (ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ, हायड्रोजन सल्फाइड आणि पेटणारा वायू मोजणारा), एक पीआयडी (बेंझिनसारख्या वाफा टिपणारं यंत्र) आणि हायड्रोजन सायनाइडचा सेन्सर असलाच पाहिजे, आणि प्रत्येक शिफ्टला तो वाचता येणारा एक तरी माणूस. इतकी वर्षं आपण हे मागतच नाही याचा मला राग येतो.

निवृत्त_लीडिंग_फायरमन:
भाऊ, तळमळ समजली पण मी विरोधात आहे. सगळ्या जवानांना पुरतील इतके बीए सेट आधी द्या. सिलेंडर कागदावर ४५ मिनिटांचा असतो, जिना चढून होज ओढताना त्याच्या निम्मा वेळ मिळाला तरी नशीब, म्हणजे बदली सिलेंडर आणि जागेवर भरायला कॉम्प्रेसर लागतो. पैसा मर्यादित आहे तर तो श्वासावर घाला, आकड्यावर नको.

दुसरं म्हणजे मीटरने नुकसान पण होतं. आग विझली, कूलिंग चालू झालं, उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो, तेवढ्यात कोणीतरी मीटर बघून सांगतं सीओ वीस पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वीस), झालं, सगळे मास्क खाली घेतात आणि ढिगारा उपसायला लागतात. मीटर नसता तर निदान भीतीने तरी मास्क राहिला असता. २०२२ मधे आयएआरसी या डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने फायरफायटरचं कामच कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, तो कॅन्सर ज्वाळेतून येत नाही, धुरातून आणि काजळीतून येतो.

सेफ्टीवाला_तारापूर:
काका, कूलिंगचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. फिनिक्सच्या फायर डिपार्टमेंटमधे २५ आगींनंतर ढिगारा उपसताना हवा मोजली होती, २००० साली छापून आलं, निष्कर्ष हाच की सीओ कमी आहे म्हणून ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड वगैरे पण कमी असतील असं धरता येत नाही. पण याचा अर्थ मीटर नको असा होत नाही, मीटर काय सांगत नाही ते शिकवा असा होतो.

आम्ही प्लांटमधे नवीन पोराला पहिल्या दिवशी एलईएलचा आकडा समजावतो, म्हणजे हवेत किमान किती वायू असला की तो पेट घेऊ शकतो. मीटरचा अलार्म साधारण एलईएलच्या १० टक्क्याला लावलेला असतो, तो स्फोटासाठी आहे, फुफ्फुसासाठी नाही. बेंझिनचा एलईएल हवेत १.२ टक्के, म्हणजे १२,००० पीपीएम. स्क्रीनवर एलईएलचा नुसता १ टक्का दिसला तरी ते १२० पीपीएम बेंझिन असू शकतं, अलार्म गप्प, आणि बेंझिनची थोड्या वेळाची मर्यादा नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने १ पीपीएम धरली आहे! तसंच ऑक्सिजन २०.९ वरून २०.८ झाला की लोक म्हणतात काही नाही, पॉइंट एकने काय होतं. अहो त्या पॉइंट एकचा अर्थ दुसरा कुठलातरी वायू साधारण ५,००० पीपीएम आत शिरलाय असा निघू शकतो.

आणि पीआयडी सर्वज्ञ नाही. नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, त्याला बेंझिन, टोल्युइन, स्टायरिन दिसतं, पण हायड्रोजन सायनाइड, सीओ, क्लोरीन, मिथेन दिसतच नाही. सोफ्याचा फोम, नायलॉन, लोकर जळली की सायनाइड निघतं, ५० पीपीएमलाच जिवाला धोका धरतात, आणि पीआयडी तिथे शून्य दाखवत बसेल. म्हणून धाग्यातली मागणी बरोबर आहे, तीन वेगळी यंत्रं, कारण तिघांना वेगवेगळं दिसतं.

भिवंडीकर:
एवढी यंत्रं घेण्यापेक्षा आत काय साठवलंय त्याची यादी गेटवर लावा ना! कायद्यातच माहिती उघड करायची सक्ती आहे, धोकादायक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत. यादी बघितली की कुठला फोम मारायचा, पाणी मारायचं की नाही, कुठला मास्क, सगळं कळतं. पीआयडी तर "काहीतरी आहे" एवढंच सांगतो, काय आहे ते सांगत नाही.

खाडीपलीकडचा:
दादा तुमच्या गावातली गोडाऊनंच याचं उत्तर आहेत. शेडवर बोर्ड कपड्यांचा आणि आत ड्रम भलत्याच कशाचे, अशा ठिकाणी यादी कोण लावणार? आणि यादी अगदी खरी असली तरी ती आग लागायच्या आधीची असते, जळल्यावर काय तयार झालं ते त्यात नसतं, पीव्हीसीची केबल यादीत केबलच असते पण जळली की हायड्रोजन क्लोराइड निघतो. यादी हवीच, मी नाही म्हणत नाही, पण यादी आहे म्हणून मीटर नको हे पटत नाही.

मीनल_ह्यूस्टन:
इथलं एक उदाहरण सांगते, कारण वर सगळे आग चालू असतानाचंच बोलतायत. मार्च २०१९ मधे ह्यूस्टनजवळ डीअर पार्कला आयटीसी कंपनीच्या टाक्यांना आग लागली, १७ तारखेला. काळा धूर कित्येक मैलांवरून दिसायचा. २० तारखेला आग विझली, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि २१ ला पहाटे हवेतलं बेंझिन वाढल्याचं मोजणीत आलं, घरात थांबा म्हणून आदेश निघाला, शाळा बंद. टाकीत उरलेल्या मालावरचा फोमचा थर फाटला होता आणि वाफ वर येत होती. ज्वाळा नाही, धूर नाही, डोळ्याला काहीच दिसत नाही. मोजणारी माणसं हवेत फिरत नसती तर कळलं कसं असतं? त्यामुळे काका, श्वासाचे सेट जवानांना वाचवतील, पण भिंतीपलीकडच्या वस्तीत कोणाच्या पाठीवर बीए सेट आहे?

निवृत्त_लीडिंग_फायरमन:
ताई वस्तीचा मुद्दा मान्य. पण तिकडे कंपनीची, सरकारची, कंत्राटदाराची अशी माणसं नुसती हवा मोजायला मोकळी असतात. आपल्याकडे पहिल्या गाडीतून पाच-सहा जण उतरणार, एक ड्रायव्हर पंपावर, दोन जण होजवर, बाकीचे शोधायला आत, मग मीटर घेऊन फिरणार कोण? फिरला तरी घाईत फिरणार. सेन्सरला पूर्ण आकडा दाखवायला २०-३० सेकंद लागतात, तेवढ्यात माणूस दोन खोल्या पुढे गेलेला असतो आणि इथल्या हवेचा आकडा तिथे वाचतो.

शिवाय देखभाल. मी एका ठिकाणी (नाव नको) कपाटात चार मीटर बघितलेत, डब्यासकट, बॅटरी मेलेली, सेन्सरची तारीख उलटून गेलेली, कॅलिब्रेशनचा गॅस सिलेंडर तर कधी मागवलाच नव्हता. असा मीटर हातात देणं म्हणजे जवानाला फसवणं आहे. खरेदीचं टेंडर निघतं, फोटो येतो, पण दर दोन-तीन वर्षांनी सेन्सर बदलायचं टेंडर कोण काढणार ते आधी सांगा.

सेफ्टीवाला_तारापूर:
हा खरा आक्षेप आहे, आणि याला यंत्राचा दोष म्हणून चालणार नाही. आमच्याकडे बम्प टेस्ट झाल्याशिवाय मीटर गेटबाहेर जात नाही. छोट्या सिलेंडरमधून ठराविक गॅस सोडायचा, सगळे सेन्सर वाजतात का बघायचं, रजिस्टरला सही, दोन मिनिटांचं काम आहे. सकाळी गाडीचा पंप तपासता ना, त्याच रजिस्टरमधे एक ओळ वाढवा. सिलिकॉनची वाफ लागली की एलईएलचा सेन्सर मरतो आणि आकडा मात्र शांतपणे शून्य दाखवतो, हे बम्प टेस्टशिवाय कळायचा मार्गच नाही. उलटं पण होतं, यूपीएसच्या बॅटरी रूममधला हायड्रोजन सीओच्या सेन्सरला लागतो आणि नसलेला सीओ दिसतो.

डॉ_प्राजक्ता:
कॅज्युअल्टीच्या बाजूने थोडं. धुरातून आणलेल्या पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९८ दाखवतो आणि नातेवाईक म्हणतात ऑक्सिजन तर चांगला आहे. साध्या ऑक्सिमीटरला सीओने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त वेगळं कळत नाही. जागेवरून नुसतं एवढं कळवलं की "सीओ इतका होता, सायनाइडचा सेन्सर वाजला होता" तरी आम्ही उपचार लवकर सुरू करू शकतो, सायनाइडवर हायड्रॉक्सोकोबालामिन देतात पण संशय यायला तर हवा. माझ्यासाठी तो आकडा अँब्युलन्सच्या चिठ्ठीवर लिहिलेला हवा, बाकी वाद तुम्ही घाला.

निवृत्त_लीडिंग_फायरमन:
डॉक्टर, हे मात्र मी कधी असं बघितलं नव्हतं. ठीक आहे, मीटर येऊ देत, पण माझ्या दोन अटी राहतील. मीटरचा आकडा बघून मास्क चढवायचा, आकडा बघून काढायचा नाही, कूलिंग संपेपर्यंत नाही. आणि मीटर पहिल्या गाडीत नाही, स्टेशन ऑफिसरच्या जीपमधे, कारण तोच एक माणूस होजला बांधलेला नसतो.

खाडीपलीकडचा:
पहिली अट मंजूर, दुसरी नाही. जीप मागून येते, आणि क्लोरीन गळत असेल तर पहिल्या गाडीनेच वारा जिकडून येतो त्या बाजूला कुठे थांबायचं हे ठरवायचं असतं. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, खाली बसतो. शिवडीला २०१० च्या जुलैत जुन्या सिलेंडरमधून गळला तेव्हा शंभरावर माणसं हॉस्पिटलात गेली होती. अशा ठिकाणी क्लोरीनचा वेगळा सेन्सर असलेला मीटर लागतो, आणि छातीला अडकवला तर तो सुद्धा उशीर करतो, घोट्याजवळ धरून बघायला लागतं, आणि ते गाडीतून उतरताना, जीप यायच्या आधी.

भिवंडीकर:
पहिल्या गाडीतच ठेवायचा असेल तर ड्रायव्हरला शिकवा. पंप चालू करून तो गाडीजवळच उभा असतो, वाऱ्याची दिशा त्यालाच आधी कळते. यादीचा हट्ट मी सोडलेला नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.