‘ऑक्सिजनचे शोषण’ आणि ‘समचतुर्भुजी’

प्रश्न : धातूंच्या ऑक्साइडांविषयीच्या एका मजकुरात ‘ऑक्सिजनच्या शोषणामुळे स्फटिकरचना चतुष्कोणीयाऐवजी समचतुर्भुजी होते’ असे वाक्य आहे. येथे ‘शोषण’ योग्य आहे का? ‘समचतुर्भुजी’ म्हणजे सगळ्या बाजू समान, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये, अर्थ जवळजवळ उलटा आहे. आपले वाक्य इट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या संयुक्त ऑक्साइडाला तंतोतंत लागू पडते. द्रव नायट्रोजनच्या उकळबिंदूपेक्षा, म्हणजे ७७ केल्विनपेक्षा, वरच्या तापमानाला अतिसंवाहकता (विद्युत्-रोध शून्य होणे) दाखवणारा हा पहिला पदार्थ १९८७ मध्ये जाहीर झाला. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला त्याच्या एकक कोशिकेत (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्यात) ऑक्सिजनचे अणू सहाच्या आसपास असतात आणि कोशिकेचा तळ चौरस असतो. हीच चतुष्कोणीय रचना. हा पदार्थ ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड केला, आणि ४०० ते ५०० अंशांदरम्यान पुरेसा वेळ ठेवला, की रिकाम्या जागांत ऑक्सिजन शिरून ही संख्या सातच्या जवळ जाते. नवे अणू वाटेल तसे विखुरत नाहीत, तर तांब्याच्या अणूंमध्ये एकाच दिशेने साखळ्या धरतात. त्यामुळे त्या दिशेची कड सुमारे ३.८९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) होते, तिला लंब असलेली कड ३.८२ वर येते, आणि उभी कड, आत भर पडलेली असूनही, ११.८ वरून ११.७ पर्यंत आखडते. तिन्ही कडा असमान, पण परस्परांना लंब : खनिजशास्त्रात ‘समचतुर्भुजी’ म्हणतात ते हेच. संज्ञा रूढ असल्याने ती बदलू नये, मात्र पहिल्या वापराच्या वेळी हा खुलासा अवश्य द्यावा.

‘शोषण’ चुकीचे नाही, पण वाचकाला स्पंजाने पाणी धरावे तसे चित्र दिसते, आणि येथे तर धरणाऱ्याची घडणच बदलते. ‘अधिशोषण’ केवळ पृष्ठभागापुरते असल्याने ते मुळीच चालणार नाही. मला ‘ऑक्सिजन-ग्रहण’ अधिक नेमके वाटते.

प्रतिप्रश्न : मग सरळ ‘ऑक्सिडीकरण’ का म्हणू नये?

उत्तर : तांब्याचे ऑक्सिडीकरण येथे होतेच, आणि सुमारे ९२ केल्विनपर्यंत टिकणारी अतिसंवाहकता त्यावरच अवलंबून आहे. परंतु तो शब्द इलेक्ट्रॉनांचा हिशेब सांगतो. अणू जालकात, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या नियमित मांडणीत, कोठे बसला, हे सांगत नाही. शिवाय पदार्थ पुन्हा तापवला की ऑक्सिजन बाहेर पडतो आणि तळ परत चौरस होतो. या उलट क्रियेसाठी ‘ऑक्सिजन-त्याग’ ही जोडसंज्ञाही सहज मिळते.