शिबोरीचा भिंतीवरचा पडदा, नैसर्गिक रंगात: नाशिकमध्ये सामान कुठे मिळेल, सुरुवात कशाने करू?

गंगापूररोडकर
हॉलमधली एक भिंत रिकामी आहे. तिथे साधारण 3 फूट बाय 5 फुटांचं शिबोरी कापड (कापड बांधून किंवा शिवून रंगवायची जपानी पद्धत) टांगायचं मनात आहे. गाठी बांधून नाही, टाके घालून करतात ती शिबोरी. रंग नैसर्गिकच हवा. आई गोधड्या शिवते, त्यामुळे टाक्याची चिंता नाही. रंगाचं मात्र आम्हा दोघींनाही काही कळत नाही. कांद्याची टरफलं पिशवीभर जमवली आहेत, हळद घरात आहेच. अडचण एकच, समोर पश्चिमेची खिडकी आहे आणि चारनंतर त्या भिंतीवर थेट ऊन येतं. कापड, रंग, दोरा कुठून घ्यावा? की सरळ तयारच विकत घेऊ?

सटाणेकर
हळद विसरा. त्या उन्हात महिनाभरात कापड पुन्हा पांढरं दिसायला लागेल. कांद्याचा सोनेरी रंग छान येतो, पण तोही उन्हात उतरतो. नाशिक जिल्ह्यात कांद्याची टरफलं फुकट मिळतात म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात! त्यापेक्षा डाळिंबाची सालं बघा. रसवाल्याला सांगून ठेवलं तर तो आनंदाने देतो. तुरटीवर पिवळा येतो, हिराकस (लोहाचा क्षार) घातला की शेवाळी.

काष्ठौषधी
डाळिंबाचा रंग चांगला, पण टाक्याच्या कामाला पहिल्याच फटक्यात नको. कारण सांगतो. डाळिंब, मंजिष्ठा, कांदा हे सगळे गरम पाण्यात तासभर ठेवावे लागतात. तेवढ्या वेळात रंग चुण्यांच्या आत झिरपतो आणि पांढरी नक्षी मळकट होते. टाक्याला असा रंग हवा जो थंड किंवा कोमट पाण्यात पटकन धरतो. असे दोनच सोपे आहेत: नीळ आणि हिरडा-हिराकस.

तुम्ही हिरड्यापासून सुरू करा. कापडाचं कोरडं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर घ्या. समजा 250 ग्रॅम भरलं, तर हिरडा पूड 50 ग्रॅम. कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवा, पिळा, सावलीत वाळवा. फिकट बदामी होईल. मग त्यावर टाके घाला, दोरे खेचून बांधा. बादलीत 5 ग्रॅम हिराकस विरघळवून त्यात ते गाठोडं दोन-तीन मिनिटं फिरवा. डोळ्यांसमोर राखाडी-काळं होतं. लगेच भरपूर पाण्यात धुवा. काळा गडद व्हावा म्हणून हिराकस वाढवू नका, जास्त लोहाने सुती कापड कालांतराने कुजतं.

हिरडा पंचवटीत किंवा रविवार कारंजाकडे काष्ठौषधींच्या दुकानात विचारा. हिराकस रसायनांच्या दुकानात.

कापडचोपड
कापड मांजरपाटच घ्या, कोरं, कापड पेठेत चौकशी करा. पन्हा 44 इंच असेल तर उत्तम, कारण धुतल्यावर आटतं आणि चुण्याही थोड्या राहतात. आधी खळ काढायलाच हवी: धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, पाणी चहासारखं पिवळट निघेल. ही पायरी टाळलीत तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. पॉलिस्टर मिसळलेलं कापड नको, त्यावर यातलं काहीच नीट धरणार नाही.

धावदोरा
आई गोधडी शिवते म्हणजे अर्धं काम झालंच आहे. लाकडाच्या रेषांसारखी जी नक्षी दिसते तिला जपानीत मोकुमे म्हणतात, ती म्हणजे धावदोऱ्याच्या ओळीच ओळी. दोन ओळींत जेमतेम अर्धा सेंटीमीटर. फक्त आईंना एक सवय सोडावी लागेल. गोधडीत टाका कापडावर निवांत बसतो. इथे प्रत्येक ओळीच्या एका टोकाला जाड गाठ आणि दुसऱ्या टोकाला वीतभर दोरा मोकळा. सगळ्या ओळी पूर्ण झाल्या की कापड ओलं करून एकेक दोरा जमेल तितका खेचायचा आणि शेजारच्या दोऱ्याशी गाठ मारायची. शिवतानाच खेचत गेलात तर पुढची ओळ घालता येत नाही.

दोरा दुहेरी पॉलिस्टरचा. सुती दोरा नेमका शेवटच्या ओळीला तुटतो. 3 बाय 5 पूर्ण भरायचं तर कित्येक संध्याकाळी जातील. मी तर म्हणेन मधला एकच पट्टा मोकुमेचा करा आणि बाजूला घडी घालून कडेलगत शिवलेल्या दोन-चार रेषा, ओरि-नुइ. रिकामी जागाही चांगली दिसते, पण हे लोकांना पटत नाही, सगळं कापड भरायचं असतं.

(हौसेसाठी: जपानमध्ये नागोया शहराच्या आरिमात्सु भागात हा धंदा सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. तोकाइदो या जुन्या हमरस्त्याने जाणारे प्रवासी तिथे रंगीत सुती कापड घ्यायचे.)

बाजारहाट
विकत घ्यायचं असेल तर एवढंच बघा. बाजारात "शिबोरी" म्हणून मिळतं त्यातलं पुष्कळसं छापील असतं. कापड उलटं करा. मागची बाजू फिकी दिसली तर छपाई. टाक्याच्या कामात दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात आणि पांढऱ्या रेषेत सुईची बारीक भोकं दिसतात. "नैसर्गिक नीळ" हा दावा मात्र नजरेने तपासता येत नाही, कारखान्यातल्या निळीचा रेणूही तोच असतो.

गंगापूररोडकर
सर्वांचे आभार! आईने वाचून लगेच मांजरपाट आणायला सांगितलं. पण मला निळाच हवा होता हो. काष्ठौषधी, नीळ किती अवघड आहे? मेंदीच्या दुकानात केसांसाठीची इंडिगो पावडर पाहिली, ती चालेल का?

काष्ठौषधी
नाही चालणार. ती पानांची पूड असते, आपल्याला पानांतून काढलेल्या निळीची वडी हवी. तमिळनाडूतली ऑनलाइन मिळते. आणि कपड्यांना शुभ्रतेसाठी घालतात ती नीळ तर वेगळीच वस्तू.

प्रमाण वजनाने 1-2-3: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर (फ्रुक्टोज). 10 लिटर पाण्याला 50, 100, 150 ग्रॅम. नीळ थोड्या पाण्यात घोटून, सगळं गरम पाण्यात एकत्र करून झाकून ठेवा, अधूनमधून हलक्या हाताने ढवळा. काही तासांनी वर तांबूस चमकदार साय आणि खाली पिवळट हिरवं पाणी दिसलं की तयार. पाणी निळंच असेल तर तयार नाही. गाठोडं साध्या पाण्यात भिजवून मग बुडवा, काही मिनिटांनी काढून हवेत धरा. हिरव्याचं निळं होतं. एकदाच खूप वेळ बुडवण्यापेक्षा पुन्हापुन्हा थोडा थोडा वेळ. चुना आहे, हातमोजे घाला. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर.

सटाणेकर
फळसाखर विकत कशाला? द्राक्षांच्या हंगामात छाटून टाकलेले मणी उकळून गाळलं तरी चालतं, त्यात हीच साखर असते. आमच्याकडे तसंच करतात. गूळही वापरतात, पण त्याला वेळ जास्त लागतो.

धावदोरा
उन्हाचं राहिलंच. निळीला ऊन बऱ्यापैकी सोसतं, तरी चारनंतर खिडकीचा पडदा ओढा. टांगायला वरच्या कडेला नेफा शिवा, बुरूडाकडून बांबूची काठी घ्या आणि खालीही एक बारीक काठी घाला, नाहीतर कडा वळतात. इस्त्री करू नका, चुण्या गेल्या की अर्धी मजा गेली.

गंगापूररोडकर
आईचा निरोप: आधी हिरडा-हिराकस, रुमालाएवढ्या तुकड्यावर. नीळ मागवली आहे, ती येईपर्यंत टाके घालून होतील म्हणते. काष्ठौषधी, हिराकसाची बादली नंतर घरात वापरता येते का?

काष्ठौषधी
नको. जुनी प्लास्टिकची बादली रंगासाठी वेगळीच ठेवा, पळी आणि गाळणीसुद्धा. आणि लोखंडी बादली तर निळीलाही नको, हिरड्यालाही नको.