जिल्ह्यात पहिला आला तर हवेत गेला, विभागीयला हरला तर गप्प. पोट्ट्याचं काय करू?

मानेवाडा_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगा सोळाचा, 800 मीटर धावतो. जिल्ह्यात पहिला आला आणि घरात कोणी साहेब राहायला आला जणू. बहिणीनं बॅग उचलायची, आईनं भिजवलेले बदाम हातात नेऊन द्यायचे. मग विभागीयला चौथा आला. तीन आठवडे झाले, मैदानावर गेलाच नाही. स्पाइक्स त्याच पिशवीत, घामट मोज्यांसकट. सर म्हणतात, येईल आपोआप. हिचं एकच पालुपद, बोर्डाचं वर्ष आहे, सोडू दे धावणं. इथं कोणी मोठ्या पातळीवर खेळलेलं आहे का? तुम्ही कसं पचवलं?

जुना_800
भाऊ, राज्य स्पर्धेत दोन सुवर्णं आहेत माझी, याच 800 मध्ये. आता नोकरी करतो अन् जिना चढताना गुडघे वाजतात.

खरं सांगू? हरणं मला पचलं. जिंकणं नाही पचलं. पहिलं सुवर्ण मिळालं तर दुसऱ्या दिवशी मेडल गळ्यात घालून तर्री-पोहे खायला गेलो. भूक नव्हती, तरी दोन प्लेटी खाल्ल्या, कोणी विचारेल म्हणून. पोहेवाला म्हणाला, "सुट्टे द्या न भाऊ."

पुढच्या वर्षी काय झालं ते ऐका. 800 मध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्येच काढावं लागतं, ब्रेक लाइन ओलांडली की मग आत शिरता येतं. मी आधीच शिरलो. पंचाचा पिवळा झेंडा वर गेला. शेवटची रेषा मीच पहिली ओलांडली, पण बाद. वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो, पंचानं डाव केला. आईनं खरं मानलं, मित्रांनी खरं मानलं, शेवटी मलाही खरंच वाटू लागलं.

त्याच्या पुढच्या वर्षी कॉल रूममध्ये, शर्यतीआधी बसवतात त्या खोलीत, बाजूला तोच पोट्टा बसला होता, ज्याच्या लेनमध्ये मी घुसलो होतो. छातीवर नंबर लावताना माझी पिन वाकली. त्यानं न बोलता आपली जास्तीची दिली. मी म्हणालो, "मागच्या साली माझा पाय आत होता." तो नंबर नीट करत म्हणाला, "दिसला होता."

तिसरा आलो त्या वर्षी. झोप मात्र मस्त लागली. दुसरं सुवर्ण त्यानंतर दोन वर्षांनी.

तुम्ही समजावू नका. मैदानाच्या दोन फेऱ्यांपैकी पहिली कितीत काढली, एवढंच विचारा.

नंदनवन_ताई
दादांचं लिहिणं आवडलं, पण सगळं स्वभावावर ढकलू नका. माझी मुलगी नडगी दुखते म्हणायची, आम्ही म्हणायचो नाटकं करते. निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर, हाडाला बारीक तडा. आधी नडगी दाबून बघा, रक्त तपासा. आपल्याकडे उमेश यादवचे वडील कोळसा खाणीत होते, हे प्रत्येक पोराला ऐकवतात. अरे, खाणीतल्या धुळीनं त्याचा चेंडू वेगात जात नव्हता! हाल झाले तरी तो पोचला, हालांमुळे नाही.

बाण_आणि_चहा
नागपूरच्याच ओजस देवतळेची 2023 ची बर्लिनची जागतिक फायनल दाखवा पोराला. 15 बाण, 150 पैकी 150. पण मी म्हणतो, समोरच्या पोलंडच्या तिरंदाजाकडे बघा. 149! पंधरापैकी चौदा बाण दहात, एकच नऊवर, अन् रौप्य. त्याचं काय चुकलं सांगा. मी तर ओजसपेक्षा त्याचाच चेहरा जास्त वेळ पाहिला.

जुना_800
@नंदनवन_ताई, हाओ, नडगीचं बरोबर आहे. ते मी आधी लिहायला पाहिजे होतं.

मानेवाडा_बाबा
काल रात्री विचारलं. पहिली फेरी 59 सेकंद, दुसरी 68. म्हणे, "सगळे बघत होते न बाबा, मागे कसा राहू?" तीन आठवडे मी "काऊन हरला" हेच विचारत होतो, हे विचारलंच नव्हतं.

नडगी पण दाबून पाहिली. "गुदगुल्या होतात" म्हणून पाय ओढून घेतला अन् हसला. रक्त शनिवारी तपासतो. फायनल पाहिली, 149 वाल्यावर काही बोलला नाही, पण मागे घेऊन परत पाहिली.

मैदानावर आजही नाही गेला. मोजे तेवढे हिनं धुवायला टाकले.