पाणी यायच्या आधी, पाणी गेल्यावर : सीमाभागातल्या पुराचा अनुभव धागा

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा निपाणीजवळच्या यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली. त्या दिवसांच्या आठवणी प्रत्येकाकडं आहेत, पण या धाग्यात त्या नकोत. तुमच्या रोजच्या कामातलं, पुढच्या पावसात दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं लिहा. किती, कसं, कुठल्या क्रमानं आणि काय चुकतं. गावाचं नाव पुरे, स्वतःचं नाव नको.

निपाणी भाग, वेदगंगा काठ

आमच्याकडं पाणी घरात शिरायच्या कितीतरी आधी वाट बंद होते. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे सगळे बंधारावजा ठेंगणे पूल. दरवर्षी पहिले तेच बुडतात. म्हणून निर्णय उंबऱ्याकडं बघून घेऊ नका, पुलाकडं बघून घ्या. स्लॅबला पाणी लागायला दीड-दोन फूट उरले की दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसचा पेशंट, तान्ही मुलं, अंथरुणावरची म्हातारी माणसं पलीकडं पोचलेली असली पाहिजेत. घरात पाणी येणार नाही हे खरं असलं तरी चार दिवस दवाखाना मिळणार नाही, हेही तितकंच खरं आहे.

काठाच्या उतारावर वीत-वीत उंचीच्या फरकानं चार-पाच खुंट्या ठोका. दर तासाला कितवी बुडाली ते वहीत लिहा. तासाला दोन बोटं आणि तासाला वीत, यात रात्रभराचा फरक काय होतो ते कागदावर लगेच कळतं. पाणी थांबलं म्हणून खुंट्या बघायचं सोडू नका. पाऊस उघडल्यावर धरणाचं पाणी येतं आणि नदी दुसऱ्यांदा चढते.

विसर्गाचे आकडे मोबाईलवर फिरतात, त्यांचा अर्थ लावायला एक हिशोब पाठ असू द्या : ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) दिवसभर सोडले की एक टीएमसी (शंभर कोटी घनफूट) होतं. म्हणजे एक लाख क्युसेक चोवीस तास चालू राहिले तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, घटप्रभेवरच्या हिडकलची ५१. यावरून पाणी किती दिवस चालेल याचा अंदाज येतो.

गोकाक

वरच्या हिशोबाला एक पुरवणी. घटप्रभेकाठच्या लोकांनी एकट्या हिडकलचा विसर्ग बघून बसू नये. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय धरणाच्या खाली येऊन मिळतात. संकेश्वरला हिरण्यकेशी पात्राबाहेर असेल तर हिडकलचा आकडा कमी दिसला तरी लोळसूर पुलाकडं लक्ष ठेवायचं.

खानापूर, कणकुंबी रस्ता

घाटमाथ्यावर पाऊस मोजायची सवय लावून घ्या. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मिलिमीटर वाचायचे, डबा रिकामा करायचा. हवामान खात्याच्या हिशोबात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, म्हणून १० बाय १० मीटरच्या कौलारू घरावर २०० मिलिमीटर पडले की वीस हजार लिटर पाणी चारी बाजूंच्या पागोळ्यांनी भिंतीच्या पायात उतरतं. मातीची भिंत वरून पडत नाही, पायातून बसते. मे महिन्यातच पागोळीखाली चर काढून पाणी घरापासून लांब न्या. पावसाच्या बाजूच्या भिंतीला ताडपत्री लावताना ती जमिनीपर्यंत आणा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. भिंतीला चिकटून सोडलेली ताडपत्री सगळं पाणी पायातच सोडते.

चक्रीवादळाचं वेगळं आहे. तौक्ते १७ मे २०२१ ला गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं, पण त्याआधी कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं. अशा वादळाचा वारा आणि पाऊस घाटावर चढतो, आणि तेव्हा आपण पावसाळ्याच्या तयारीत नसतो. वीटभट्टीवर कच्च्या विटा मांडलेल्या असतात, आंब्या-काजूचा हंगाम संपत आलेला असतो, सरपण उघड्यावर असतं. कच्च्या विटांचे थर नुसते वरून झाकून उपयोग नाही, खालून वाहणारं पाणी पहिला थर विरघळवतं आणि मग अख्खी रास कलते. राशीभोवती वीतभर खोल चर आधी काढा, ताडपत्री मग. घराशेजारच्या झाडांच्या जड फांद्या एप्रिलमध्येच उतरवा.

चिकोडी तालुका, मोटार रिवाइंडिंग

नदीकाठच्या मोटारींबद्दल सविस्तर लिहितो, कारण जीव इथं जातात.

पहिलं काम, ऑटो स्टार्टर बंद करायचा. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून बहुतेकांनी ऑटो बसवलेला असतो. पाणी पेटीपर्यंत आलेलं असताना लाईट आली तर आजूबाजूच्या पाण्यात करंट उतरतो. नुसतं बटण दाबून भागत नाही, पेटीतले तिन्ही फ्यूज काढून खिशात घाला. डीपीला स्वतः हात लावू नका, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनमनला सांगा.

मग केबल सोडवा, पण आधी तिन्ही वायरींना आणि टर्मिनलना लाल, पिवळी, निळी टेप लावा. गडबडीत हेच राहतं, आणि परत जोडताना दोन फेज अदलाबदल झाले की पंप उलटा फिरतो आणि पाणी फेकत नाही. त्यानंतर सक्शनचा फ्लँज, मग पायाचे चार नट. नटांना आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलं तर काम अर्ध्या वेळात होतं. पाणी पायाच्या बोल्टला लागल्यावर कुणी उतरू नये. मोटार दुरुस्त होते.

बुडालेली मोटार बाहेर आली की 'बघू चालते का' म्हणून कळ दाबतात. तिथंच वाइंडिंग जळतं. नुसती बुडालेली मोटार पुष्कळदा वाचते, बुडून चालवलेली वाचत नाही. दोन्ही बाजूंची झाकणं उघडा, स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन काढा. हे धुणं टाळू नका, वायरींच्या मधला गाळ वाळून बसला की तो ओल धरून ठेवतो. मग सावकाश सुकवा : ऊन, किंवा आत शंभर-दोनशे वॅटचा पिवळा बल्ब एक-दोन दिवस. जाळावर धरू नका, व्हार्निश जळतं. सुकल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) वाइंडिंग ते बॉडी तपासा. एक मेगओहमच्या खाली असेल तर परत सुकवा, तरीही वर येत नसेल तर रिवाइंडिंग. बेअरिंग बदलाच, ग्रीसमध्ये गेलेली रेती निघत नाही.

स्टार्टर तेलाचा असेल तर वरून तेल स्वच्छ दिसतं आणि पाणी तळाशी बसलेलं असतं. अख्खं तेल ओतून टाकून, टाकी पुसून नवीन भरा. सुरू केल्यावर क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट बघा, जवळपास सारखा आला पाहिजे.

संकेश्वर

घरातलं थोडक्यात. भरलेला गॅस सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा, नाहीतर तो आडवा होऊन दारावर आपटत राहतो. धान्य माळ्यावर चढवताना पोती एकावर एक रचू नका, मधलं पोतं गरम होऊन कोंब येतात. कागदपत्रं दोन प्लास्टिक पिशव्यांत, प्रत्येक पिशवीतली हवा काढून गाठ. इन्व्हर्टरची बॅटरी विसरू नका, मेन स्विच बंद केला तरी ती घरात करंट देत असते. आधी ती सोडवा.

अथणी तालुका, आरोग्य विभाग

विहिरीत ब्लिचिंग पावडरचा पुडा थेट ओतलेला सगळीकडं दिसतो. त्यानं चुना तळाशी जातो, पाणी जड होतं आणि औषध सगळीकडं पसरत नाही.

आधी पाण्याचा अंदाज काढा. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, आणि गुणिले हजार. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. हा नेहमीचा डोस झाला. पुराचं पाणी आत गेलेल्या विहिरीला तो पुरत नाही, कारण गाळ आणि घाण क्लोरीन खातात. आधी गढूळ पाण्याचा उपसा करा, पण विहीर कोरडी करू नका. भोवतालची जमीन पाण्यानं फुगलेली असते, आतला दाब गेला की बांधकाम आत ढासळतं.

बादलीत पावडर घेऊन थोड्या पाण्यात आधी पेस्ट कालवा, गाठी राहू देऊ नका. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं हलवू नका. चुना खाली बसतो, वर पिवळसर निवळ येते. ती निवळ दुसऱ्या बादलीत काढा, बादली दोरीनं पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवा. तळचा चुना बाहेर टाका. एक तास कुणी पाणी भरायचं नाही. तासानंतर क्लोरोस्कोपनं लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर डोस वाढवून परत. ताज्या पावडरीला डोळ्यांत पाणी आणणारा वास असतो. उघड्या पोत्यात वर्षभर राहिलेली पावडर नुसता चुना असतो, ती वापरून मनाचं समाधान होतं एवढंच.

तुरटीनं पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. उकळी फुटल्यावर एक मिनिट पाणी खळखळू द्या. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान (चहाचे) चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. गाळ काढताना पायाला जखम असेल तर बूट घालूनच उतरा. त्यानंतर ताप, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर 'चिखलात काम केलंय' हे डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांना लेप्टोचा (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार करायला वेळ वाचतो. साप चावला तर दोरी आवळू नका, कापू नका, हात-पाय फळीला बांधून सरळ सरकारी दवाखाना.

रायबाग, पशुवैद्यकीय

जनावरं हलवता आली नाहीत तर निदान दावं सोडा. बांधलेली म्हैस बुडते, मोकळी पोहते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये झालेली हवी. छावणीत दहा गावची जनावरं एकत्र आल्यावर द्यायला गेलं की उशीर झालेला असतो. एका मोठ्या जनावराला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी धरा, पुराचं पाजू नका. सगळीकडं वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मिळतं म्हणून नुसत्या वाड्यावर ठेवलं तर त्यातल्या ऑक्झलेटनं कॅल्शियम कमी पडतं. दुभत्या म्हशी आधी बसतात. वाळलेली वैरण मिसळा, खनिज मिश्रण द्या. काळी बुरशी आलेला कडबा झटकून घालणंही नको, तो खड्ड्यात.

मांजरी, कृष्णाकाठ

ऊस मेला का जगला हे पाल्याच्या रंगावरून ठरवू नका. पाला वाळूनही ऊस जिवंत असतो, आणि हिरवा दिसूनही पोंगा (शेंड्यातला वाढीचा कोंब) कुजलेला असतो. फडात चार-पाच ठिकाणी एकेक ऊस घ्या, शेंड्याचा हातभर तुकडा कोयत्यानं उभा चिरा. आत वाढीचा कोंब पांढरा आणि कडक असेल तर ऊस आहे. तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचा असेल तर वरची वाढ संपली. मग डोळे फुटून पांगशा येतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. अशा फडाला खत घालून पैसे वाया घालवू नका, चिटबॉयला (कारखान्याच्या ऊसनोंद बघणाऱ्या माणसाला) फड दाखवून तोड लवकर मिळवा.

वाचलेल्या फडात पहिलं काम चर काढणं. वाफसा यायच्या आधी ट्रॅक्टर घातला की जमीन दाबली जाते आणि मुळ्यांना हवा मिळत नाही.

येळ्ळूर शिवार

बळ्ळारी नाल्याकडचं भात : नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबतो, म्हणून पाणी चढतं कमी आणि थांबतं जास्त. उंच जागेवर थोडं जादा तरू (भाताची रोपं) राखून ठेवा. पाणी उतरल्यावर नांग्या (मेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा) भरायला तेच कामाला येतं, विकत शोधायला गेलं तर कुणाकडंच नसतं.

बेळगाव, कागदपत्रांचं काम

नुकसानीचे फोटो साफसफाईच्या आधी काढा : एक लांबून, घर ओळखू येईल असा, आणि एक जवळून, भेग किंवा पाण्याची रेघ दिसेल असा. केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या २०२२-२६ च्या निकषांत पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान आणि दोन हेक्टरची मर्यादा ठरवली होती. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असे दर ठरले होते.

आपल्या भागात अर्ज अडतो तो नावावर. उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, बँकेत तिसरंच स्पेलिंग, आणि उतारा अजून आजोबांच्या नावावर. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात आणि हे नाव जुळलं नाही की परत जातात. एफआयडी (शेतकरी नोंदणी क्रमांक), वारसा नोंद, आधार जोडणी ही कामं मार्च-एप्रिलमध्ये करून घ्या. पंचनाम्याच्या वेळी कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. कन्नड येत नसेल तर पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचता येणाऱ्याकडून क्षेत्र, पीक आणि घर 'पूर्ण' का 'अंशतः' पडलं हे तीन रकाने वाचून घ्या.

निपाणी भाग, वेदगंगा काठ

खानापूरच्या दादांनी भिंतीचं लिहिलंय, त्याला जोडून. पाणी ओसरलं, ऊन पडलं की लोक लगेच झोपायला आत जातात. मातीची भिंत पाण्यात असताना जितकी पडते, त्याहून जास्त ऊन लागल्यावर पडते. बाहेरचा भाग वाळून आकसतो आणि पाया आतून ओला राहतो. कोपऱ्यात उभी भेग, मधे पोट आलेलं, दार एकाएकी घट्ट लागणं, यातलं काही दिसलं तर आत झोपू नका. गाळ काढताना भिंतीच्या पायातला एकदम खोदू नका, खोलीच्या मधून सुरू करा.

आणि चुना लावायच्या आधी, गाळाची रेघ जिथंपर्यंत आलीय तिथं एक खिळा मारा आणि शेजारी तारीख लिहा. यमगर्णीच्या पुलावर त्या दिवशी किती फूट पाणी होतं तेही.