मदत हवी आहे : रंगमंचावरील पबमध्ये फेसाळ बिअर कशी दाखवावी?

मी इंग्लंडमध्ये लँकशर भागात राहतो आणि येथील एका हौशी नाट्यमंडळात नेपथ्य व हँड प्रॉपर्टी (नटांनी हाताळायच्या वस्तू) सांभाळतो. आमचे नवे नाटक १९८७ साली एका गिरणगावातील पबमध्ये घडते. त्या काळी कायद्याने पब दुपारी काही तास बंद ठेवावे लागत (ऑगस्ट १९८८ मध्ये ती सक्ती उठली), आणि पब चालवणाऱ्या नवराबायकोला एकमेकांशी बोलायला तेवढाच निवांतपणा मिळतो, हा नाटकाचा गाभा आहे.

माझी अडचण शेवटच्या प्रवेशाची आहे. रात्री बंद होण्याची वेळ पुकारल्यावर हातातला पेला संपवायला गिऱ्हाइकांना तेव्हा दहा मिनिटे मिळत. आमचा प्रवेशही बरोबर दहा मिनिटे चालतो आणि पेल्यातली उतरत जाणारी बिअर हेच प्रेक्षकांचे घड्याळ असते, त्यामुळे रिकाम्या पेल्याने पिण्याचा अभिनय करणे मला पटत नाही. जुना हातपंप मिळाला आहे. दांडा ओढला की काउंटरखालच्या बादलीतून द्रव वर येतो, इतकी त्याची साधी रचना आहे. मात्र उत्तर इंग्लंडमध्ये पंपाच्या तोटीला बारीक छिद्रांची टोपी लावून बिअरवर दाट फेस आणतात, आणि तो नसेल तर येथील प्रेक्षकांना पेला खोटा वाटेल.

महाराष्ट्रात एकांकिका करताना व्हिस्की म्हणून कोरा चहा सहज खपून जाई, पण येथे चहाचा फेस क्षणात विरतो. बिनअल्कोहोलची बिअर पंपातून ओढली तर पेल्यात फेसाशिवाय काही उरत नाही, शिवाय मुख्य नटाला तोवर दोन पाइंट, म्हणजे १.१४ लिटरच्या आसपास, पिऊन लांबलचक स्वगत म्हणायचे असते. पोटाला न बाधणारे आणि निदान पाच मिनिटे फेस टिकवणारे काही मिश्रण कोणी वापरले आहे का? अंड्याचा पांढरा बलक आम्ही ॲलर्जीच्या भीतीने टाळला आहे.

दुसरा प्रश्न धुराचा आहे. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आहे. कलावंतांना प्रयोगापुरती सवलत असली तरी आमच्या सभागृहाची समिती परवानगी देत नाही, आणि तिचे म्हणणे रास्त आहे. धुराच्या यंत्राने आगीची घंटा वाजते. केवळ प्रकाशयोजनेने सिगारेटच्या धुराने पिवळटलेली हवा भासवता येईल का? कोणते रंग आणि कोणता कोन घ्यावा?

रंगीत तालमीला तीन आठवडे उरले आहेत. पहिली रांग काउंटरपासून जेमतेम दोन मीटरवर आहे, म्हणून उपाय इतक्या जवळून पाहिल्यावरही खरा वाटेल असा हवा.