मदत हवी आहे: एफएसएचची ताकद पेशींवर जास्त, उंदरांवर जवळजवळ शून्य

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (दर्जा तपासणीत) आहे. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजं वाढवायला एफएसएच या हॉर्मोनची इंजेक्शनं देतात, त्यांची ताकद मोजायचं काम माझ्याकडे आहे. माझ्या वहिनीने ती रोज संध्याकाळी ठरल्या वेळी पोटात टोचून घेतलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे लेबलवरचं युनिट माझ्यासाठी नुसता आकडा नाही.

आमच्याकडे आजवर १९५३ची स्टीलमन-पोहली पद्धत चालत आली. तीनेक आठवड्यांच्या उंदीर-माद्यांना तीन दिवस एचसीजी या दुसऱ्या हॉर्मोनबरोबर नमुना टोचायचा, चौथ्या दिवशी अंडाशय काढायचे, भोवतीची चरबी सोडवायची, टिपकागदावर टिपायचे आणि वजन करायचं; वजन जितकं वाढलं तितकी ताकद जास्त. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून वर्षभर पेशींवरची टेस्ट बसवतेय. पेशी एचईके-२९३, त्यांच्यात माणसाचा एफएसएच रिसेप्टर (हॉर्मोन जिथे चिकटतो तो रेणू) घातलेला. हॉर्मोन चिकटला की पेशीत सायक्लिक एएमपी हे निरोप देणारं रसायन वाढतं, त्यावर उजेड पाडणारं ल्युसिफरेज हे एन्झाइम बनतं, आणि त्याचा उजेड यंत्र मोजतं. नमुन्याचा वक्र (डोसनुसार उजेड कसा वाढतो तो) रेफरन्सच्या, म्हणजे ताकद माहीत असलेल्या नमुन्याच्या, वक्राला समांतर असेल तरच ताकद काढतो. नेहमीच्या बॅच छान बसतात.

अडलंय ते इथे. टेस्टची परीक्षा घ्यायची म्हणून एका नमुन्याला न्युरामिनिडेज हे एन्झाइम लावून त्याचं सायलिक ॲसिड (हॉर्मोनला जोडलेल्या साखरेच्या साखळ्यांच्या टोकाचा भाग) काढलं. पेशींवर तो रेफरन्सच्या सव्वा पट आला, वक्रही समांतर! उंदरांवर मात्र जवळजवळ निकामी. कारण कळतं. सायलिक ॲसिड गेलं की यकृत तो हॉर्मोन रक्तातून झटपट उचलून घेतं, आणि प्लेटमध्ये यकृत नसतं. मग अशी बिघडलेली बॅच माझ्या टेस्टमधून पास होऊन बाहेर पडली तर? पेशींच्या टेस्टला जोड कशाची द्यायची, आणि मर्यादा कुठे आखायची?

दुसरं म्हणजे, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेच्या वेलचे आकडे सतत वेगळे येतात.

प्रतिसाद १

ताई, पेशी फक्त रिसेप्टर चालू झाला का एवढंच सांगतात. हॉर्मोन शरीरात किती टिकेल हे त्यांना विचारूच नका, त्यासाठी आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग (विद्युतभारानुसार हॉर्मोनची रूपं वेगळी करणारी चाचणी) आणि सायलिक ॲसिडचं मोजमाप ठेवा. मर्यादेसाठी थोडं, मध्यम, बरंच असं सायलिक ॲसिड काढलेल्या नमुन्यांची मालिका करा आणि ती एकदाच उंदरांवर तपासा. परिणाम जिथे घसरायला लागतो, त्याच्या बराच अलीकडे मर्यादा आखा. नंतर दर बॅचला उंदीर लागू नयेत, पण बदल लागू करण्याआधी नियामकांशी बोलाच.

प्रतिसाद २

कडेच्या वेलमधलं पाणी उडतं. तिथे नुसतं बफर भरा, नमुने आतल्या ६० वेलमध्येच. रेफरन्स कायम डावीकडे ठेवू नका, जागा बदलत राहा. आणि पेशींचा पॅसेज नंबर (त्या कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) दर वेळी लिहून ठेवा, फार जुन्या झाल्या की प्रतिसाद मंदावतो.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. रेफरन्स खरंच कायम डावीकडेच होता! मालिकेची कल्पना तर फारच पटली, सोमवारी सुरुवात करते. फक्त एक सांगा, अर्धवट सायलिक ॲसिड काढायला तुम्ही एन्झाइमचं प्रमाण कमी करता की वेळ? आणि ठरल्या क्षणी ते थांबवता कसं?